मॅन पानं छापायला जाण्याआधी

कोथरूड, पुणे



पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहत नाही, म्हणून लिनक्सची मॅन पानं, म्हणजे कमांडांच्या मॅन्युअलची पानं, छापून घेणार, असं तू फोनवर म्हणालीस. मला फार बरं वाटलं. कुणाच्या तरी नोट्स उतरवून घेण्यापेक्षा आपल्याच मशीनवरच्या आवृत्तीचं पान समोर ठेवून, समासात पेन्सिलीनं लिहीत शिकणं केव्हाही पक्कं.

मात्र टर्मिनलमधला मजकूर सिलेक्ट करून वर्डमध्ये चिकटवू नकोस. पडद्यावर दिसतं ते मूळ पान नव्हेच. मूळ फाइलीत ट्रॉफ या मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या खुणा असतात: इथे मथळा, इथे ठळक, इथून परिच्छेद आत. मॅन कमांड त्या वाचून पडद्याजोगं रूप तयार करते, आणि मागितलं तर कागदाजोगंही. कागदाचा मान तर पहिला आहे. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल 3 नोव्हेंबर 1971 चं, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं, छापील. बेल लॅब्जच्या पेटंट खात्याला अर्ज नीट टाइप करून हवे होते, त्या कामावरच युनिक्सनं सुरुवातीला जम बसवला. पुढे जो ओसाना यांनी फोटोटाइपसेटरसाठी ट्रॉफ लिहिला. तुझ्या उबुंटूवरचा ग्रॉफ हे त्याचंच नवं रूप, 1990 मध्ये जेम्स क्लार्क यांनी नव्यानं लिहिलेलं.

तेव्हा कागद हवा असेल तर कागदच माग. ‘मॅन -टी टार’ म्हटलंस की पोस्टस्क्रिप्ट मिळतं. ते फाइलीत घे आणि पीएस-टू-पीडीएफनं त्याची पीडीएफ कर. ठळक अक्षर ठळक येतं, तिरकं तिरकं येतं, पानांवर आकडे पडतात. थेट पीडीएफही मागता येते, पण त्यासाठी पूर्ण ग्रॉफ बसवावा लागतो.

साधी टेक्स्ट फाइल हवी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या पद्धतीत ठळक अक्षर म्हणजे अक्षर, बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर. टाइपरायटरवर दोनदा ठोकावं तसं. अधोरेखित म्हणजे अंडरस्कोर, बॅकस्पेस, अक्षर. अशी फाइल विंडोजवर उघडली की प्रत्येक मथळ्यात अक्षरं दुहेरी आणि मध्ये कचरा दिसतो. उबुंटूचं मॅन फाइलीत लिहिताना हे आपणच गाळतं. तुझ्या मैत्रिणीच्या मॅकवर मात्र मजकूर ‘कॉल -बी’मधून पाइप करून घ्यावा. रुंदीही आधी बांधून घे: मॅनविड्थ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत 80 ठेव, नाहीतर टर्मिनलची खिडकी जेवढी रुंद तेवढ्या लांब ओळी फाइलीत उतरतात आणि कागदावर वेड्यावाकड्या मोडतात.

आता छपाई. पौड रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला पेनड्राइव्हवर पीडीएफच दे, दुसरं काही नको. त्याआधी कागदाचं माप बघ. ग्रॉफ कधीकधी अमेरिकन लेटर धरून चालतो: 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए-फोर 210 बाय 297. दुकानदार ‘फिट टू पेज’ करतो आणि अक्षर उगाच बारीक होतं. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ए-फोर दिसलं नाही, तर ईटीसीमधल्या पेपरसाइझ फाइलीत ‘ए4’ लिही आणि पीडीएफ पुन्हा काढ.

कोणतं पान छापतेस तेही नीट ठरव. नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ म्हटलंस तर पहिल्या विभागातलं, कमांडचं पान येतं. वेळापत्रकाच्या ओळी कशा लिहायच्या ते पाचव्या विभागात आहे, म्हणून ‘मॅन 5 क्रॉनटॅब’. पासवर्डच्या पानाचंही असंच. छापल्यावर तळाची ओळ वाच. तिथे बहुतेक वेळा आवृत्ती आणि तारीख असते. पुढे मशीन अपडेट झालं की हे पान जुनं झालं का, ते त्यावरूनच कळेल.

पीडीएफमधून कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये चिकटवू नकोस, हे मी मुद्दाम सांगतेय. टाइपसेट पानात वजाच्या जागी कधी हायफन बसतो, सरळ अवतरणचिन्ह वळणदार होतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कमांडला तो पर्याय ओळखता येत नाही, ती अडून बसते आणि आपण नसती चूक शोधत राहतो. हातानं टाइप कर. त्यानंच बोटांना सवय लागेल.

बॅशचं पान अख्खं छापू नकोस, ते पुस्तकाएवढं आहे. त्यातलं रीडायरेक्शन आणि एक्स्पान्शन एवढंच काढ, पाठपोट. टार, फाइंड, सेड आणि क्रॉनटॅब पूर्ण घे, आणि सगळ्यांना मिळून एकच स्पायरल बाइंडिंग करून घे. रविवारी येशील तेव्हा घेऊन ये. फाइंडच्या पानावर आपण दोघी मिळून खुणा करू.

तुझी,
आत्या