डब्यातल्या बिअरवर आणखी तीस डॉलर: कुठे घालावेत, कुठे नाही

ऑस्ट्रेलियात घरी बिअर करायचा 1.7 किलोचा डबा सुपरमार्केटात 16 ते 20 डॉलरला मिळतो. आत हॉप्स घालून आटवलेला माल्टचा पाक, झाकणाखाली यीस्टची पुडी. त्यात किलोभर साखर घालून 23 लिटर केलं, की 375 मिलीच्या साठेक बाटल्या भरतात. साखर धरून बाटली 35 सेंटच्या आत पडते. विकतची अडीच डॉलरच्या घरात जाते. स्वस्ताई खरी, पण चव पातळ आणि किंचित आंबूस. (इथले भाव अदमासाचे आहेत. फर्मेंटर, बाटल्या वगैरे घरात आहेत असं धरलंय. नसतील तर पहिल्या खेपेला सव्वाशे-दीडशे डॉलर वेगळे.)

डबा उचलतानाच तळाची तारीख बघा. पाक जुना झाला की काळवंडतो आणि चव उतरते. मागच्या रांगेतला, लांबच्या तारखेचा डबा काढायला लाजू नका.

पहिला खर्च साखरेच्या जागी. साखर आंबून तिची दारू होते, मागे काही उरत नाही. म्हणून बिअर पाणचट लागते. त्याऐवजी किलोभर माल्ट पावडर घाला, सुमारे 14 डॉलर. दुसरा खर्च यीस्टचा. पुडीत जेमतेम पाच-सात ग्रॅम असतं आणि डब्याबरोबर तेही गोदामात तापलेलं असतं. होमब्रूच्या दुकानातून फ्रिजमध्ये ठेवलेलं अकरा-साडेअकरा ग्रॅमचं एल यीस्ट घ्या, सात डॉलर. माझ्या मते हे दोन बदल बाकी सगळ्यांवर भारी आहेत. मात्र हे यीस्ट 18 ते 20 अंशांतच नीट काम करतं. उन्हाळ्यात फर्मेंटर पाण्याच्या टबात उभा करून त्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडा. याला खर्च शून्य.

मग ताजं धान्य. पाव किलो क्रिस्टल माल्ट, तीन डॉलर. दुकानातच भरडून घ्या. पीठ नको, दाणा फुटला की पुरे. मलमलच्या पुरचुंडीत बांधून दोन लिटर पाण्यात 65 ते 70 अंशांवर अर्धा तास ठेवा. पाण्याला तांबूस रंग येतो, स्वयंपाकघरभर भाजक्या बिस्किटासारखा वास सुटतो. पुरचुंडी नुसती निथळू द्या. धान्य उकळलं किंवा करकचून पिळलं, तर सालीतला तुरटपणा उतरतो. निथळलेलं पाणी दहा मिनिटं उकळून डब्यातल्या पाकात मिसळा.

डब्यात कडवटपणा आधीच असल्यामुळे हॉप्स फक्त वासासाठी लागतात. आंबणं मंदावल्यावर शेवटचे तीन-चार दिवस 25 ते 50 ग्रॅम गोळी-हॉप्स फर्मेंटरमध्ये टाका, सहा डॉलर. गोळ्या हिरव्या हव्यात. तपकिरी पडलेल्या, जुन्या चीजचा वास मारणाऱ्या फुकट मिळाल्या तरी नकोत. व्हिक्टोरियात, टास्मानियात फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हॉप्सची तोडणी चालते. तेव्हा ओली फुलं मिळाली तर जरूर वापरा, पण वजन सुक्याच्या पाच-सहा पट घ्या.

हिशेब असा: डबा 18, माल्ट 14, यीस्ट 7, धान्य 3, हॉप्स 6. एकूण 48 डॉलर, म्हणजे बाटली ऐंशी सेंटला.

गव्हाच्या बिअरचा डबा असेल तर हॉप्सचे सहा डॉलर वाचवा. भारतीय दुकानातले दहा-पंधरा ग्रॅम धने ओबडधोबड कुटून, संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी भाग घेऊन, धान्याच्या निथळलेल्या पाण्यात शेवटची पाच मिनिटं उकळा. डबाबंद हापूसच्या रसाचा मोह टाळा. त्यातली साखर यीस्ट फस्त करतं, आंबा नावापुरता उरतो.

बाटलीत भरण्याची घाई महागात पडते. हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ दोन दिवस तोच आला, तरच भरा. नाहीतर बाटल्या फुटतात. दर 375 मिलीला तीन ग्रॅम साखर, मग दोन आठवडे घरातच उबेला.

ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा सुट्टीला येताना पुण्याच्या भावासाठी बॅगेत डबा टाकू नका.