हरवलेली हातकुऱ्हाड आणि तिच्यावरची चिठ्ठी

अश्मयुगाचा धडा आपण पटकन उरकतो. दोन चित्रं, हातकुऱ्हाडीची व्याख्या, झालं. पण माणूस इतका जुना आहे हे जगाला पटलं कसं, हे मुलांना एकदा सांगून बघा.

फ्रान्समध्ये बूशे द पर्थ हा जकात अधिकारी वर्षानुवर्षं सांगत होता की नामशेष प्राण्यांच्या हाडांसोबत माणसाने घडवलेले दगड सापडतात. फारसं कोणी ऐकेना. एप्रिल १८५९ मध्ये इंग्लंडहून दोघं खात्री करायला गेले. जोसेफ प्रेस्टविच वाइनचे व्यापारी, जॉन इव्हान्स कागद कारखानदार. (पोटापाण्याचा धंदा वेगळा, हे मुलांना मुद्दाम सांगा!) २७ एप्रिलला आमियाँजवळ सेंट अशूलच्या खडीच्या खाणीत एक हातकुऱ्हाड थरात रुतलेली दिसली. 'अश्युलियन' हे नाव याच जागेवरून आलं. मजुरांनी मागाहून खोचली असेल, असं कोणी म्हणू नये म्हणून ती काढण्याआधी फोटो घेतला. महिन्याभरात रॉयल सोसायटीत निबंध वाचला गेला.

गंमत पुढेच आहे. परतल्यावर इव्हान्सना लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजमध्ये, काचेच्या पेटीत, अगदी तसेच दगड दिसले. जॉन फ्रिअर यांनी १७९७ साली हॉक्सन गावाहून पाठवलेले! सहा दशकं ते तिथेच होते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आणि फोटोतली ती कुऱ्हाड? तीही हरवली. १८९६ मध्ये प्रेस्टविच वारले, त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला आणि ही कुऱ्हाड बाकीच्या दगडांत मिसळली. क्लाइव्ह गॅम्बल आणि रॉबर्ट क्रुझिन्स्की यांनी ती शोधून काढली, २००९ साली त्यावर लेख लिहिला. ओळख पटली ती दगडावरच्या छोट्याशा चिठ्ठीमुळे. तिच्यावर जागा आणि तारीख होती, बस्स.

हा पाठ घेताना मुलांना एकेक दगड आणायला सांगा. कुठे मिळाला, कधी, कोणाला, जमिनीवर पडलेला की मातीत रुतलेला, हे चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं. खरंच घडवलेला वाटणारा दगड दिसला तर उकरू नका, आधी जागेवरच फोटो काढा.

आमच्या वर्गात शंख-शिंपले-दगडांचा एक जुना खोका आहे. चिठ्ठी एकावरही नाही. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, मग हे टाकून द्यायचे का?" मी नाही म्हटलं खरं, पण का ते मला नीट सांगता आलं नाही.