ठाणे-बेलापूर रस्ता : आपल्या दारातला परिसर अभ्यास



तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात नकाशा, वाहतूक, आपला जिल्हा हे घटक येतात. उदाहरण देताना आपण घाट, बंदर, विमानतळ दाखवतो. पण तुर्भ्यातली मुलं ज्याच्या कडेने रोज शाळेत येतात, तो ठाणे-बेलापूर रस्ता फळ्यावर येतच नाही. हा एक रस्ता नीट शिकवला, तर भूगोल आणि इतिहास दोन्ही होतात. शिवाय वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्यात स्वतःची जागा सापडते. मला हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. चला तर मग, पाठ पाहू या.

१. रस्ता कुठून कुठे जातो?

फळ्यावर एक उभी रेघ काढा. वरच्या टोकाला कळवा, म्हणजे ठाण्याची बाजू. तिथून खाली येताना विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे-महापे, पावणे आणि मग आपलं तुर्भे. तुर्भ्याच्या दक्षिणेला हा रस्ता शीव-पनवेल महामार्गाला मिळतो. पुढे बेलापूरला जायचं तर त्या महामार्गाने नेरूळवरून जावं लागतं. महापे इथे एक फाटा पूर्वेला शिळफाट्याकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला जातो.

आता मुलांना विचारा, रस्ता असा उत्तर-दक्षिण सरळ का गेला? उत्तर जमिनीत आहे. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधे सपाट जमिनीची पट्टी. रस्त्याला दुसरीकडे जायला वावच नव्हता.

२. रस्त्याआधी काय होतं?

या रस्त्याच्या नावात ठाणे आणि बेलापूर अशी दोन गावं आहेत. दोन्हीकडे खाडीकाठी किल्ले बांधलेले. ठाण्याच्या किल्ल्यात आज कारागृह आहे, तर बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष उरलेत. पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज, तिघांनाही हा भाग हवा होता. किल्ले पाण्याकडेच का? कारण त्या काळी खाडी हाच मोठा रस्ता होता. माल आणि माणसं होडीतून, गलबतातून जात.

खाडीकाठी आगरी-कोळी समाजाची गावं होती. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर घरं चालत. तुर्भे, घणसोली, ऐरोली ही आज आपल्याला स्टेशनांची नावं वाटतात. पण ती मुळात गावांची नावं आहेत, हे मुलांना आवर्जून सांगा.

३. आधी कारखाने, मग शहर

मुलांना वाटतं की आधी शहर वसलं आणि मग त्यात कारखाने आले. इथे उलटं झालं. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात या पट्टीत ट्रान्स ठाणे क्रीक म्हणजे टीटीसी औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. नोसिलसारखे मोठे रासायनिक कारखाने आले. कच्चा माल, तयार माल, कामगारांच्या बसगाड्या, सगळ्यांचा भार या रस्त्यावर आला. डोंगरात दगडखाणी होत्याच.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना त्यानंतरची, १९७० ची. महानगरपालिका तर १९९२ ची. म्हणजे आपल्या शहरापेक्षा आपली एमआयडीसी वयाने मोठी!

शहरासाठी गावांची जमीन संपादित झाली. ज्यांच्या घरी 'साडेबारा टक्के' हा शब्द बोलला जातो, ती मुलं तुमच्या वर्गात असतील. १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात मोठं आंदोलन झालं. जासई परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. चौथीच्या मुलांना एवढं सोप्या भाषेत नक्की समजतं.

४. रस्त्याने तोंड फिरवलं

हा भाग मुलांना फार आवडतो. खाडीवर पूल नव्हता तेव्हा समोर ट्रॉम्बे दिसायचं, पण जमिनीवरून मुंबईला जायचं तर ठाण्याला वळसा घालावा लागे. जिल्ह्याचं ठिकाणही ठाणेच. रेल्वे तिथे १८५३ मध्येच पोचलेली. म्हणजे रस्त्याचं तोंड ठाण्याकडे होतं आणि तुर्भे दूरच्या टोकाला.

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला आणि चित्र पालटलं. मुंबई दक्षिणेकडून जवळ आली. जे टोक दूरचं होतं, ते दाराशी आलं. पुढे मुंबईतले घाऊक बाजार इथे हलले. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल वाशीला आली. २००४ मध्ये ठाणे-तुर्भे-वाशी ही ट्रान्स हार्बर रेल्वे याच रस्त्याला समांतर धावू लागली. तिच्यावरचं दिघा गाव स्टेशन २०२४ चं.

५. वर्गात काय कराल?

- लांब कागदी पट्टीवर रस्ता काढून घ्या. डावीकडे खाडी, उजवीकडे डोंगर. मधे थांब्यांची नावं मुलांनी लिहायची.
- चार रंग घ्या : होडीचा काळ, कारखान्यांचा काळ, पुलाचा काळ, रेल्वेचा काळ. गाव, कारखाना, पूल, स्टेशन असं काही पट्टीवर दाखवलं, की ते कोणत्या काळातलं, त्या रंगाने रंगवायचं.
- घरी एकच प्रश्न विचारून यायचं : "आपलं कुटुंब या रस्त्यावर केव्हा आणि कशामुळे आलं?"

या प्रश्नाबाबत एक विनंती. "तुझं मूळ गाव कोणतं?" असं आधी विचारू नका. त्या प्रश्नाने वर्गाचे 'इथले' आणि 'बाहेरचे' असे दोन भाग पडतात. कोणाचे पणजोबा मिठागरात होते, कोणाचे आजोबा साताऱ्याहून माथाडी कामाला आले, कोणाचे आईवडील खाणीत किंवा कारखान्यात कामासाठी परराज्यातून आले. सगळी उत्तरं त्या एकाच पट्टीवर चिकटवा. मग मुलांना दिसतं की मागच्या वर्षी आलेल्या मुलाचं घरसुद्धा याच इतिहासाचं पुढचं पान आहे.

पालकांसाठी

सुट्टीच्या दिवशी मुलांना तुर्भ्याहून ठाण्याला लोकलने न्या. जाताना उजव्या खिडकीशी बसा. रस्ता, कारखाने आणि मागे डोंगर असा सगळा पाठ ऐरोलीपर्यंत डोळ्यांसमोरून जातो. मुलांना निरीक्षणासाठी रस्त्याच्या कडेला मात्र उभं करू नका, अवजड वाहनं फार असतात. पलीकडे जायचं तर पादचारी पूल किंवा सिग्नलच वापरा. पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. घरातल्या मोठ्यांनी घाईत मधूनच रस्ता ओलांडला, तर मूल तेच शिकतं.

पट्टी तयार झाली की वर्गाच्या भिंतीवर लावा आणि शेवटी थोडी जागा कोरी ठेवा. वर्षभरात नवीन मूल वर्गात आलं, की त्याचं नाव तिथे लिहायचं.