मैदान आणि मातीचा पेला

दलित आत्मकथनाचा आरंभ आपण सामान्यतः ‘बलुतं’ (१९७८) या ग्रंथापासून मानतो. पालवणकर विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ त्याआधी तीस वर्षे, १९४८ साली प्रसिद्ध झाले. क्रिकेटचे पुस्तक म्हणून समीक्षेने ते बाजूस सारले असावे. विठ्ठलांचे वडील बंधू बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांची डावखुरी फिरकी हिंदू संघाला हवी होती; चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात मिळे. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली विठ्ठलांकडे आले, तेही १९२०मध्ये विठ्ठल व शिवराम यांनी निषेधार्थ संघातून अंग काढून घेतल्यानंतर.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील आदिवासी खेळाडूंची कोंडी याच जातीची (शब्द मुद्दाम योजला आहे). १९९३ साली निकी विन्मारने शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकांसमोर जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखविले. बाळूंना असे काही दाखविता आले नसते. त्यांची अस्पृश्यता पेल्यात होती, आणि पेल्याची साक्ष कोणी तरी लिहूनच ठेवावी लागते. विठ्ठलांच्या ग्रंथात काय सांगितले आहे व काय गाळले आहे, हे त्या दृष्टीने तपासावयास हवे.