लेकरांचे पाय वाकतात ते कशाने?



वस्तीत फिरताना तीन-चार वर्षांचे एखादे लेकरू धनुष्यासारखे पाय टाकत चालताना दिसते. आम्ही आईला काही विचारायच्या आत आजी सांगते, "मागच्या जन्मीचे भोग आहेत, ताई." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे ऐकले, म्हणून आज हाडाबद्दल लिहीत आहोत.

हाड दगडासारखे मेलेले नसते. त्यात रक्त फिरते, पेशी काम करतात. कोंबडीचे साफ केलेले हाड व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा. ते रबरासारखे वाकेल. व्हिनेगरने कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट जाळे तेवढे उरते. स्लॅबचे काम केलेल्यांना हे लगेच कळेल: कोलॅजन ही सळई, कॅल्शियम-फॉस्फरस हे काँक्रीट.

पोटातल्या बाळाचा सांगाडा आधी बराचसा कूर्चेचा असतो, नाकाच्या शेंड्यासारखा मऊ. कूर्चेच्या जागी हळूहळू हाड बांधले जाते. लांब हाडांच्या टोकांशी हे बांधकाम वयात येऊन उंची थांबेपर्यंत चालते. त्यासाठी आतड्यातून कॅल्शियम रक्तात यावे लागते आणि ते काम ड जीवनसत्त्वाशिवाय नीट होत नाही. हे जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीत तयार होते. ते कमी पडले की सळई अंथरली जाते, पण काँक्रीट पडत नाही. लेकरू उभे राहते आणि वजनाने पाय वाकतात. हाच मुडदूस.

ज्या खोलीला खिडकी नाही, ज्या गल्लीत भरदुपारीही दिवा लावावा लागतो, तिथे ऊन येणार कुठून? हे मागच्या जन्मात ठरत नाही, घरांच्या नकाशात ठरते.

दीड-दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाकदार असणे नेहमीचे आहे. त्यानंतरही वाक वाढत असेल, मनगटे जाड दिसत असतील, चालायला उशीर झाला असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. लवकर उपचार मिळाला तर बहुतेक लेकरांचे पाय वाढीबरोबर सरळ होतात. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या, ड जीवनसत्त्व जास्त झाले तरी अपाय होतो.

कोवळे ऊन यासाठी फारसे पुरत नाही. दहा-अकरानंतर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बाहेर खेळू द्या. काचेआडचे ऊन चालत नाही. जेवणात नाचणी (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम), तीळ, काट्यासकट खाता येणारी सुकी मासळी असू द्या.

आणि पायाला बांधलेला काळा दोरा काढून टाका. त्यात कॅल्शियम नसते.