कुंपणच शेत खाते तेव्हा

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. आत शिरलेल्या जंतूंचा नायनाट करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात, त्याची ही खूण. म्हणजे दाह हे मुळात शरीराच्या रक्षणाचेच काम. पण जंतू नसतानाच हे रक्षक एखाद्या निरोगी अवयवावर चालून गेले तर? आपल्या गळ्यातील अवटू ग्रंथीच्या बाबतीत असे पुष्कळदा घडते.

अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूस असते. आकार फुलपाखरासारखा. मोठ्या माणसात तिचे वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम भरते. रक्तातून आयोडीन ओढून घेऊन ती मुख्यतः थायरॉक्सिन हे संप्रेरक बनवते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातील पेशींच्या कामाचा वेग आणि मुलांची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते.

या ग्रंथीचे एक वैशिष्ट्य आहे. तिच्यात असंख्य सूक्ष्म, गोल पिशव्या असतात आणि त्यांत कित्येक आठवडे पुरेल एवढा संप्रेरकाचा साठा असतो. शेतकऱ्याच्या घरातील धान्याच्या कणग्याच म्हणा ना!

१९१२ साली हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी शल्यविशारदाने चार स्त्रियांच्या, शस्त्रक्रियेने काढलेल्या अवटू ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत पांढऱ्या पेशींपैकी लसिका पेशींची दाटी झालेली दिसत होती. त्या तेथे का जमल्या? उत्तर मिळायला १९५६ साल उजाडले. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिआक व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीतील प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांच्या अवटू ग्रंथीचा अर्क, दुसऱ्या एका उत्तेजक द्रव्यासह, सशांनाच टोचून दाखवला. सशांच्या ग्रंथीतही तसाच दाह निर्माण झाला! शरीर स्वतःवर उलटत नाही, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

आता ग्रंथीत काय घडते ते पाहू. जमलेल्या लसिका पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडतात. त्यांमुळे ग्रंथीच्या पेशींची आयोडीन ओढून घेण्याची शक्ती मंदावते. पुढे त्या पेशी मरू लागतात आणि पिशव्या फुटतात. कणगी फुटली की धान्य अंगणभर सांडते. तसा साठलेला संप्रेरक एकदम रक्तात येतो. म्हणून काही रोग्यांना सुरुवातीला उलटाच अनुभव येतो : छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो. पण हा सुकाळ फसवा! साठा संपतो, नवे उत्पादन घटलेले असते आणि मग खरी टंचाई सुरू होते.

ही टंचाई मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला लगेच कळते. 'काम वाढव' असा निरोप देणारे आपले संप्रेरक ती रक्तात अधिकाधिक सोडते. अवटू ग्रंथी बिचारी सुजते, पण काम मात्र होत नाही. रक्तात पियूषिकेच्या या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले दिसले की डॉक्टर रोग ओळखतात. प्रतिपिंडांच्या तपासणीने त्याचे कारणही समजते.

हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो. तो शाळकरी मुलामुलींनाही होतो. मूल सतत दमते, त्याला थंडी सोसत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, उंची वाढण्याचे थांबते. घरचे त्याला आळशी म्हणून रागावतात! आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन हा आजार बरा होत नाही. इथे तुटवडा आयोडीनचा नसतोच. उलट जास्तीचे आयोडीन अपायही करू शकते.

उपाय मात्र सोपा आहे. जो संप्रेरक कमी पडतो, तोच गोळीच्या रूपाने, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायचा. बहुतेकांना ती गोळी जन्मभर लागते, पण आयुष्य इतरांसारखेच जाते. तेव्हा मित्रहो, वर्गातला एखादा सोबती अलीकडे मंदावलेला दिसला, तर त्याला हसण्यापूर्वी ही छोटीशी ग्रंथी आठवा. दोष कदाचित त्याचा नसेल. त्याच्या गळ्यात कुंपणच शेत खात असेल.