सर्व्हर बंद पडतो तेव्हा



‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ हे वाक्य बँकेत, सेतू केंद्रात किंवा रेशनच्या दुकानात ज्याने ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. पण सर्व्हर म्हणजे काय आणि तो बंद का पडतो, हे तिथे कोणी सांगत नाही. त्याची माहिती आज आपण करून घेऊ.

सर्व्हर हाही एक संगणकच आहे. फक्त तो एका माणसासाठी नसून पुष्कळ संगणकांना माहिती पुरवतो आणि रात्रंदिवस चालू असतो. गावाची पाण्याची टाकी असते ना, तसा. आता टाकी भरलेली असूनही मधला पाइप फुटला तर नळाला पाणी येत नाही. तसंच सर्व्हर ठणठणीत असतो, मधली लाइन तुटलेली असते आणि बोल मात्र सर्व्हरला! पण खरोखरच सर्व्हर बिघडला, तर दोन गोष्टींकडे आधी बघतात : वीज आणि हार्ड डिस्क.

आधी वीज. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. संगणकाच्या आतल्या भागांना एवढी वीज चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट लागतात, तेही एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे. हे रूपांतर करणाऱ्या पेटीला पॉवर सप्लाय म्हणतात. चांगल्या सर्व्हरला अशा दोन पेट्या असतात. एक गेली तरी दुसरी सगळा भार उचलते. पण दोन्हींच्या वायरी एकाच बोर्डात खोचल्या, तर बोर्ड जळताच दोन्ही एकदम बंद. मग दोन पेट्या घेऊन काय उपयोग? एक वायर एका यूपीएसला आणि दुसरी दुसऱ्या लाइनला लावायची असते.

सर्व्हरवर एकही दिवा लागत नसेल तर शोध भिंतीपासून सुरू करतात. सॉकेटमध्ये वीज आहे का, यूपीएस चालू आहे का, वायर घट्ट बसली आहे का, मग पॉवर सप्लाय. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. एकदम चार वस्तू बदलल्या आणि सर्व्हर चालू झाला, तरी दोष कशात होता ते कळत नाही. चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल, तर पंख्यात धूळ अडकून आतला भाग तापला का ते बघतात. वीज जाताच सर्व्हरही जात असेल, तर यूपीएसची बॅटरी संपलेली असते. ती साधारण तीन ते पाच वर्षं टिकते, हे पुष्कळ ठिकाणी विसरलं जातं. पॉवर सप्लायची पेटी मात्र कोणीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठून राहते आणि जबर झटका बसतो.

आता हार्ड डिस्क. सर्व्हरचा जीव खरं तर इथे आहे. पेटी जळली तर नवी आणता येते, पण डिस्कवरची खाती आणि नोंदी दुकानात मिळत नाहीत. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या अवजड यंत्रात मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या फोटोलाच तेवढी जागा लागते. हल्लीच्या पुष्कळ डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे आपल्या छताच्या पंख्याच्या सुमारे वीस पट वेगाने. वाचणारं टोक तिच्यावर टेकत नाही. ते केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगतं. म्हणून डिस्कमधून ‘टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला, की ती ताबडतोब बंद करायची. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं, तर टोक तबकडीला ओरखडे पाडतं आणि उरलंसुरलंही जातं.

पण प्रत्येक वेळी दोष डिस्कचाच असतो असं नाही. डिस्क फिरायला लागताना तिला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. बैलगाडी उभ्याची चालू करताना बैलांना जास्त जोर लागतो, तसंच हे. पॉवर सप्लाय अशक्त झाला असेल, तर चांगली डिस्कही अधूनमधून दिसेनाशी होते. खरा प्रकार शोधायला डिस्कची स्वतःची नोंदवही उपयोगी पडते. तिला स्मार्ट म्हणतात. तिच्यात खराब म्हणून रद्द केलेल्या जागांचा आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलावी. माहिती ने-आण करतानाच्या चुकांचा आकडा वाढत असेल, तर आधी केबल बदलून बघावी. केबल स्वस्त असते.

एक डिस्क गेली तरी काम थांबू नये म्हणून रेड नावाची युक्ती आहे. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून १९८८ साली तिच्यावर निबंध लिहिला. ती गणिताने समजून घेऊ. तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ लिहा. चौथीवर त्यांची बेरीज, २१. आता ५ ची डिस्क गेली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करा. ५ परत मिळाले! (संगणकाची बेरीज जरा निराळी असते, पण तत्त्व हेच.) दोन डिस्क गेल्या तर मात्र गणित सुटत नाही. म्हणूनच बिघडलेली डिस्क काढताना तिचा क्रमांक दोनदा ताडून बघतात. घाईत शेजारची चांगली डिस्क उपसली, तर सगळंच हातचं जाऊ शकतं. आणि कोणी चुकून माहिती पुसली तर ती सगळ्याच डिस्कवरून पुसली जाते. तेव्हा वेगळी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावीच लागते.

वीज जाण्यापेक्षा ती परत येणं कधी कधी जास्त महागात पडतं. मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या संगणक केंद्राची वीज तुटली. ती बेताबेताने न येता एकदम परत आली, तेव्हाच यंत्रांचं नुकसान झालं असं सांगण्यात आलं. सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. म्हणून वीज आल्यावर जाणकार माणूस लगेच बटण दाबत नाही. काही मिनिटं थांबतो, होल्टेज स्थिर झालं का बघतो, मग डिस्कची वेगळी पेटी असेल तर आधी ती चालू करतो. तिचे सगळे दिवे हिरवे झाले की मग सर्व्हर. बंद करताना याच्या उलट.